गच्चीवर किंवा परसात ग्रीनहाऊस: निवडीपासून उभारणीपर्यंत कोणत्या क्रमाने काय करायचं

घरच्या बागेसाठी ग्रीनहाऊस घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी दुकान गाठतात, मग जागा मोजतात आणि आत झाडं कोणती ठेवायची हे सगळ्यात शेवटी ठरवतात. क्रम नेमका उलटा हवा. तो चुकल्यामुळे दर वर्षी त्याच तक्रारी ऐकू येतात. एप्रिलमध्ये रोपं होरपळली. जूनमध्ये प्लास्टिकच्या छतावर पाण्याचा फुगा धरला. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात सांगाडा कठड्यावर आपटला. नेटखाली मिरचीला पानं भरपूर आली, फूल एक नाही.

या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. ऑनलाइन मिळणारं पारदर्शक कव्हरचं, चेन लावून बंद होणारं घडीचं ग्रीनहाऊस थंड हवेच्या देशांसाठी बनवलेलं असतं. आतली ऊब बाहेर जाऊ न देणं हे त्याचं काम. महाराष्ट्र-गोव्यात वर्षातले बरेच महिने आपली अडचण उलट असते. इथे ऊन कापायचं असतं, पावसाचा मार अडवायचा असतो आणि वारा खेळता ठेवायचा असतो. बंद प्लास्टिकच्या आत उन्हाळ्यात बाहेरपेक्षा दहा अंशांहून जास्त तापमान सहज चढतं. बाहेर ३८ असेल तर आत काय होत असेल याचा विचार करा. म्हणून या लेखात ‘ग्रीनहाऊस’ हा शब्द सैल अर्थाने वापरला आहे. शेडनेट (सावलीची जाळी), पावसाळी छप्पर, कीडरोधक जाळी आणि पॉलिहाऊस (प्लास्टिक फिल्मने झाकलेलं घर) हे सगळं त्यात आलं.

## १. आधी अडचण ठरवा

एक कागद घ्या. गेल्या वर्षभरात तुमची कोणती झाडं कोणत्या महिन्यात आणि कशामुळे खराब झाली ते लिहा. आठवत नसेल तर मोबाइलमधले बागेचे जुने फोटो तारखेनुसार बघा, उत्तर तिथे सापडतं. मग प्रत्येक नोंदीसमोर एकच शब्द लिहा: ऊन, पाऊस, कीड किंवा थंडी.

विदर्भात, म्हणजे नागपूर, अकोला, चंद्रपूर, वर्धा या पट्ट्यात, मे महिन्यात पारा ४५च्या आसपास किंवा वर जातो. तिथे पहिला शब्द ‘ऊन’ हाच येणार आणि त्याला कोरड्या झळांची जोड असणार. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात ऊन त्रास देतं, पण बाग खरी बसते ती सलग पावसाने. कुंडीतली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते, मुळं कुजतात, पानांवर बुरशी चढते. पुण्या-नाशकाकडे दोन्ही थोडं थोडं असतं आणि भर पडते ती मार्च-एप्रिलमधल्या गारपिटीची. मराठवाड्यात गारांचा धोका आणखी मोठा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तिथले शेतकरी विसरलेले नाहीत. ‘थंडी’ हा शब्द मात्र फार थोड्यांच्या कागदावर येईल. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तिथे तो यायला हरकत नाही.

आता झाडांची यादी करा. त्यांची गरज ढोबळमानाने अशी (टक्के म्हणजे नेट किती ऊन अडवतं ते):

- गुलाब, मोगरा, अडेनियम, कढीपत्ता: भरपूर ऊन. यांना नेट नकोच. अडेनियमला पावसाळ्यात फक्त डोक्यावर छप्पर द्या.
- टोमॅटो, मिरची, वांगी: होळीनंतर ३५ टक्क्यांचं नेट, एरवी उघडं ऊन.
- उन्हाळ्यातली कोथिंबीर, मेथी, पालक आणि सगळी लहान रोपं: ५० टक्के.
- डेंड्रोबियम ऑर्किड: ५० ते ७५ टक्के. अँथुरियम आणि नेचे: ७५ टक्के.

तपासा: यादीत निम्मी झाडं भरपूर उन्हाची आणि निम्मी सावलीची निघाली, तर सगळ्या गच्चीवर एकच नेट ताणण्याचा बेत सोडून द्या. सावलीच्या झाडांपुरता कोपरा झाका. ‘एकदाच सगळं झाकून टाकू’ हा मोह बहुतेकांना होतो आणि नंतर गुलाबाला कळी का येत नाही याचं कोडं पडतं.

## २. जागेचं ऊन मोजा

नेट डोक्यावर आहे म्हणून सावलीही खालीच पडेल, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही, आणि हा मुद्दा इतक्यांकडून सुटतो की थोडं थांबून तो समजून घ्या.

आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पुण्या-मुंबईला शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर येतो. त्या सुमारास दुपारी बारा-साडेबाराला नेटची सावली बरोबर नेटखाली पडते. पण एप्रिलमध्ये दुपारी साडेतीनला पुण्यात सूर्य पश्चिमेला साधारण ४५ अंशांवर कललेला असतो. नेट आठ फुटांवर बांधलं असेल, तर त्याची सावली सात-आठ फूट पूर्वेला सरकते. दहा फूट रुंद नेटखालची बहुतेक झाडं त्या वेळी उघड्या उन्हात असतात, आणि दिवसातली सर्वांत जाचक वेळ तीच. पश्चिमेच्या बाजूने पडद्यासारखं खाली सोडलेलं नेट नसेल, तर वरच्या नेटचा अर्धा उपयोग वाया गेला म्हणून समजा.

डिसेंबरात आणखी वेगळं. भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला राहतो आणि आठ फुटांवरच्या नेटची सावली सात फूट उत्तरेला जाते. नेटच्या उत्तरेला ठेवलेला टोमॅटो थंडीत नीट वाढत नसेल, तर कारण बहुधा हेच.

काम सोपं आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि साडेतीन वाजता गच्चीवर जा. कठड्याची, टाकीची, शेजारच्या इमारतीची सावली कुठवर येते ते खडूने आखा. दुपारनंतर टाकीची सावली मिळणारा कोपरा सापडला, तर पश्चिमेच्या पडद्याचा खर्च वाचतो.

परसात जागा निवडताना आणखी एक बघा. नारळ, आंबा, शेवगा यांच्याखाली काहीही उभारू नका. नारळाची झावळी नेट फाडते, आणि शेवग्याची फांदी वाऱ्यात मोडायला कारण लागत नाही.

## ३. वजन आणि परवानगी

गच्चीवर बाग असलेल्यांनी हा टप्पा वगळू नये.

इमारतीच्या आराखड्यासाठी जी भारतीय मानकं वापरतात, त्यांत वावरायच्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. १५ बाय १५ इंचांची ग्रो बॅग कोकोपीटमिश्रित मातीने भरून पाणी दिलं की ती चाळीस किलोंच्या आसपास जाते. नुसती माती असेल तर त्याहून बरीच जड. एका चौरस मीटरमध्ये अशा सहा पिशव्या एकमेकींना चिकटून मावतात, म्हणजे २४० किलो. शिवाय वर सांगाडा, त्याचे पाय आणि तुम्ही स्वतः. तीन, फार तर साडेतीन पिशव्या प्रति चौरस मीटर या हिशोबात राहा. जड कुंड्या खालच्या भिंतींच्या आणि बीमच्या रेषेवर ठेवा.

सावधान: स्लॅबला भेग असेल, खाली छताचं प्लास्टर सुटत असेल, सळई दिसत असेल किंवा इमारत जुनी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक पाइपही वर चढवू नका.

गच्ची सोसायटीची सामायिक असेल तर लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: स्लॅबला भोक पाडणार नाही, टाकी आणि लिफ्ट रूमची वाट मोकळी राहील, आच्छादन काढता येण्याजोगं असेल. पक्कं पत्र्याचं किंवा पॉलिकार्बोनेटचं छत घालणार असाल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आधी विचारून या. पक्क्या छताला बांधकामाचे नियम लागू होऊ शकतात.

## ४. प्रकार निवडा

पहिल्या टप्प्यातला कागद आता समोर ठेवा.

‘ऊन’ जास्त वेळा आलं: शेडनेट. चारही बाजूंनी बंद करू नका. वर आणि पश्चिमेला नेट, बाकी बाजू मोकळ्या. घरच्या दहांपैकी सात-आठ बागांना एवढंच पुरतं असं माझं स्पष्ट मत आहे. विकणारा याहून जास्त काही सुचवत असेल तर कारण विचारा.

‘पाऊस’ जास्त वेळा आला: पावसाळी छप्पर. वर पारदर्शक प्लास्टिक फिल्म किंवा पॉलिकार्बोनेट, बाजू पूर्ण उघड्या. कोकणात शेडनेटचाच सांगाडा पावसाळ्यात छपरासाठी वापरता येतो. मात्र त्याला उतार पहिल्यापासून हवा.

‘कीड’ जास्त वेळा आली: ४० किंवा ५० मेशची (इंचाला तेवढी भोकं असलेली) कीडरोधक जाळी, सगळ्या बाजूंनी. पांढरी माशी आणि मावा तिने बऱ्यापैकी अडतात, फुलकिडे मात्र बारीक असल्याने तरीही घुसतात. जाळी जितकी बारीक, तितकी हवा कमी. आणि या जाळीतून मधमाशीही आत येत नाही. काकडी, दोडका, कारलं, भोपळा आत लावलात तर रोज सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवणं आलं. टोमॅटो, मिरचीला फांदी हलवली तरी पुरतं.

‘थंडी’ आली: लहान रोपांपुरता कमानीचा बोगदा करा, दोन-अडीच फूट उंचीचा. संध्याकाळी झाका, सकाळी ऊन चढायच्या आत उघडा. एवढ्यासाठी संपूर्ण पॉलिहाऊस नको.

मग खरं पॉलिहाऊस कोणाला? मावळात, तळेगावच्या आसपास, गुलाब आणि जरबेराची पॉलिहाऊस बघितली असतील. त्यांची उंची, वरची हवेची फट, फॉगर (धुक्यासारखे बारीक तुषार सोडणारी यंत्रणा), ठिबक हे सगळं मिळून ती रचना चालते. दहा बाय बाराच्या गच्चीवर तिची नक्कल केली की उंची कमी पडते, हवेची फट राहून जाते आणि उरतो तापलेला डबा. घरी हट्टाने करायचंच असेल, तर उघडणाऱ्या खिडक्या-फटी जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान पाव भाग असू द्या, आणि त्यातली काही जागा सर्वांत वर, आढ्यापाशी, ठेवा. गरम हवा तिथूनच जाते.

## ५. आकार आणि उंची

बाजूची उंची आठ फूट, मध्ये आढं साडेनऊ फूट. सहा फुटांचं स्वस्त पडतं म्हणून तेच घेतलं जातं. पण नेट झाडाच्या जितकं जवळ, तितकी खाली उष्णता कोंडते, आणि दोडक्याचा वेल महिनाभरात वर टेकतो. नेटला टेकलेली कोवळी पानं पहिल्यांदा करपतात.

मधली वाट दोन फूट. बादली घेऊन वाकता येईल एवढी तरी हवीच. दोन्ही बाजूंना हात पोचेल इतपत, म्हणजे अडीच-तीन फुटांचे वाफे. एकूण रुंदी आठ फुटांच्या आसपास येते, ती दहा करा. लांबी जागेप्रमाणे.

शेडनेटचे रोल बहुधा तीन मीटर रुंदीचे येतात. सांगाड्याची रुंदी त्या हिशोबात बसवली तर जोड कमी लागतात. जोड कमी म्हणजे फाटण्याच्या जागा कमी.

## ६. सांगाडा: हिशोब वाऱ्याचा करा

दुकानदार तुम्हाला वजन पेलण्याबद्दल सांगेल. नेटला वजन कितीसं असतं? सांगाडा कोसळतो, उलटतो, उडतो तो वाऱ्याने.

ढोबळ हिशोब असा. ताशी ७२ किलोमीटरचा झोत, म्हणजे वळवाच्या वादळात सहज येणारा, चौरस मीटरवर साधारण २४ किलोंचा दाब देतो. दहा बाय बारा फुटांचं प्लास्टिकचं छत म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. त्याला वर उचलणारा जोर अडीचशे किलोंच्या पुढे जातो. शेडनेटमधून हवा जाते म्हणून तिथे तो कमी असतो, पण घट्ट विणीच्या नेटला तोही कमी समजू नका.

आता पाय. गच्चीच्या स्लॅबला ड्रिल मारून बोल्ट ठोकणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. वॉटरप्रूफिंग फुटतं आणि गळती खालच्या घरात निघते. त्याऐवजी रंगाचे २० लिटरचे रिकामे डबे घ्या, पाइप मधोमध उभा करून काँक्रीट भरा. एक डबा ४५ ते ५० किलो होतो. दहा बाय बाराला चार डबे म्हणजे दोनशे किलोसुद्धा नाहीत, सहा तरी हवेत. प्लास्टिकचं छत असेल तर सहा डबे आणि शिवाय दोन बाजूंनी तणावे. डब्याखाली रबरी चटई घाला म्हणजे टाइल्स फुटत नाहीत.

कठड्याला बांधायचं असेल तर कठडा काँक्रीटचा आहे की विटांचा ते आधी बघा. विटांच्या कठड्याला क्लॅम्प लावून सगळा ताण त्याच्यावर टाकला, तर वादळात सांगाड्याबरोबर विटाही खाली जातील. खाली माणसं वावरतात.

पाइप जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) घ्या, एक ते सव्वा इंची, बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा. हातात धरून तोंडाकडून जाडी बघा. कडा पत्र्यासारखी पातळ दिसली तर तो नको. फॅब्रिकेटर वेल्डिंगच सुचवेल, कारण त्याला ते पटकन होतं. पण वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. नट-बोल्ट आणि क्लॅम्पचे जोड मागा. जिथे वेल्डिंग टळत नाही तिथे झिंकचा रंग दोन हात मारून घ्या. परसात बांबू चालतो. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावा आणि दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा.

पुणे-नाशिकच्या इमारतींसाठी मानकांत सेकंदाला ३९ मीटर वाऱ्याचा वेग धरतात, मुंबई-नागपूरसाठी ४४. ताशी हिशोब केला तर १४० ते १६० किलोमीटर. घरगुती सांगाडा छतासकट एवढा वारा झेलणार नाही आणि त्याने तो झेलावा अशी अपेक्षाही करू नका. आच्छादन दोन माणसांना दहा-पंधरा मिनिटांत उतरवता आलं पाहिजे, हीच खरी सुरक्षितता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. इशारा आधीच्या दिवसांपासून होता. अशा इशाऱ्यानंतर मिळणाऱ्या वेळात नेट सोडून गुंडाळता यायला हवं.

तपासा: ऑर्डर देण्याआधी फॅब्रिकेटरला हे तीन प्रश्न विचारा. पाय कशाने धरले आहेत? वर उचलणाऱ्या वाऱ्याला काय अडवतं? छत किती वेळात निघतं? तिसऱ्या प्रश्नावर ‘काढायची गरजच नाही पडणार’ असं उत्तर आलं, तर दुसरा माणूस बघा.

## ७. आच्छादन विकत घेताना

टक्के. ५० टक्क्यांचं नेट म्हणजे अर्धं ऊन अडवणारं. हार्डवेअरच्या दुकानात जे गडद हिरवं, दाट कापड पटकन हातात दिलं जातं ते बहुधा ९० टक्क्यांचं असतं. बांधकामाला आडोसा म्हणून ते ठीक. त्याच्याखाली भाजी होत नाही. मिरचीला पानं येऊन फूल न येण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. टक्क्यांची जुळवाजुळव करताना हेही लक्षात असू द्या की ५० टक्क्यांचे दोन थर टाकले की ७५ टक्के सावली होते, शंभर नाही.

टक्के खरे आहेत का हे दुकानाबाहेर दोन मिनिटांत कळतं. मोबाइलवर लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं एखादं अॅप घ्या. उन्हात फोन आडवा धरा, आकडा बघा. भर दुपारचं ऊन लाखाच्या आसपास दाखवतं. मग त्याच जागी वर हातभर अंतरावर नेट ताणून धरा आणि पुन्हा बघा. आकडा निम्म्यावर आला तर नेट ५० टक्क्यांचं. पाव भागच उरला तर ७५चं. फोनचा सेन्सर अचूक नसतो, पण दोन आकड्यांचं प्रमाण कळायला पुरतो. दुकानदार आश्चर्याने बघेल, बघू दे.

रंग. काळं नेट स्वतः तापतं आणि खाली उष्णता सोडतं, मात्र उन्हात टिकतं चांगलं. पांढरं ऊन परतवतं आणि आतला उजेड सगळीकडे पसरवतं. भाजीपाल्याला आणि रोपांना मी पांढरं किंवा हिरवं-पांढरं सुचवेन. नुसतं हिरवं सगळीकडे मिळतं म्हणून घेतलं जातं, झाडाला त्याचा वेगळा फायदा काही नाही.

वीण. चपट्या पट्टीच्या धाग्याचं नेट स्वस्त असतं. गोल धाग्याचं, ज्याला दुकानात ‘मोनो’ म्हणतात, ते महाग पण जास्त टिकाऊ, आणि वारा त्यातून जरा मोकळा जातो. कडा कात्रीने कापून बोटाने ओढून बघा. लगेच धागे सुटत गेले तर ते नेट ठेवून द्या. शेतीच्या शेडनेटसाठी आयएस १६००८ हे मानक आहे. रोलवर त्याचा उल्लेख आणि यूव्ही-स्टॅबिलाइज्ड (उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर खराब न होणारं) असल्याची नोंद पाहा, आणि बिलावर टक्के लिहून घ्या.

फिल्म. पावसाळी छपरासाठी २०० मायक्रॉनची यूव्ही-स्टॅबिलाइज्ड पॉलिहाऊस फिल्मच घ्या. साधं मेणकापड एका उन्हाळ्यात पापडासारखं कडकडीत होऊन तुटतं. निळी ताडपत्री उजेडच अडवते. फिल्म पाइपला जिथे टेकते तिथे पाइपच्या उष्णतेने ती आधी जाते, म्हणून तेवढ्या भागाला पांढरा रंग द्या. गंधकाची फवारणी फिल्मवर उडू देऊ नका, तिचं आयुष्य कमी होतं.

पॉलिकार्बोनेट. पोकळ पत्र्याची यूव्ही थराची बाजू वर हवी. कोणती ते वरच्या संरक्षक कागदावर छापलेलं असतं. कागद फाडण्याआधी मार्करने खूण करा. नळ्या उताराच्या दिशेने ठेवा, वरची तोंडं टेपने बंद करा, नाहीतर आत शेवाळ धरतं.

## ८. उभारणीचा क्रम

१. जागेवर खडूने चौकोन आखा. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच चौकोन गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, आहेत. इथे दोन इंचांचा फरक सोडला तर वर नेटला सुरकुत्या पडतात आणि वारा तिथेच धरतो.

२. पाय डब्यांत उभे करा, ओळंबा लावा, काँक्रीट भरा. सात दिवस पाणी मारा. या सात दिवसांत वर काहीही चढवू नका.

३. वरचे आडवे पाइप, आढं आणि कोपऱ्यांतल्या तिरप्या टेकू-पट्ट्या. तिरप्या पट्ट्या बहुतेकदा पैसे वाचवायला गाळल्या जातात. कोपरा धरून हलवा. सांगाडा डुलला तर त्या हव्यातच.

४. उतार. फिल्म लावायची असेल तर दहा फूट रुंदीला मध्ये निदान सव्वा ते दीड फूट उंची. कोकणात जास्त. चार पाइपांमध्ये सपाट ताणलेल्या फिल्मवर एक चौरस मीटर जागेत पाच सेंटिमीटर पाणी साचलं की पन्नास किलो होतात. त्या वजनाने फिल्म खाली झुकते, आणखी पाणी येतं, असं करत ती फाटते.

५. आढ्यापासून खाली दर दोन फुटांवर जीआय तार ओढा. नेट आणि फिल्म दोन्हीला ती खालून आधार देते.

६. मग आच्छादन. वारा पडलेल्या सकाळी, ऊन थोडं चढल्यावर. नेटची कड पाइपवर चार इंच दुमडा, आणखी एकदा दुमडा आणि त्या दुहेरी कडेतून टाय ओढा, दर फुटाला एक. एकेरी कडेला गाठ मारली तर वाऱ्यात ती गाठ नेटला चिरत जाते. टाय काळे घ्या, पांढरे उन्हात एका वर्षात तुटतात. सुतळी वापरूच नका. नेट तबल्यासारखं ताणू नका, काही दिवसांत ते थोडं आकसतं. फिल्मला प्रोफाइल (पाइपवर बसवायची धातूची खाचपट्टी) आणि त्या खाचेत फिल्म दाबून धरणारी झिगझॅग स्प्रिंग वापरा. ती मिळाली की छत उघडणं-लावणं सोपं होतं.

७. पश्चिमेचा पडदा सगळ्यात शेवटी. तो वर गुंडाळता येईल असाच लावा.

८. फिल्मखाली पन्हळ. दहा बाय बाराच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की अकराशे लिटर पाणी खाली येतं. ते गच्चीच्या मोरीकडे न्या. ड्रममध्ये साठवत असाल तर झाकणाला डासांची जाळी लावा.

## ९. झाडं आत नेण्याआधी

आठवडाभर रिकामं ठेवा. किमान-कमाल तापमान नोंदवणारा थर्मामीटर झाडाच्या उंचीवर, थेट ऊन लागणार नाही असा टांगा. दुसरा बाहेर सावलीत. रोज दोन्ही वाचा. शेडनेटखाली आतलं तापमान बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त निघत असेल, तर हवा कोंडते आहे. एखादी बाजू उघडा.

रात्री विजेरी घेऊन एकदा सगळे जोड बघा. एका जोरदार वाऱ्यानंतर सगळे टाय हाताने ओढून बघा. प्लास्टिकच्या छतावर बादलीने पाणी टाका आणि ते कुठे थांबतं ते पाहा.

झाडं एकदम सगळी नेऊ नका. आधी चार कुंड्या, दहा दिवसांनी बाकीच्या. सावलीत मातीतलं पाणी हळू सुकतं, पूर्वीच्याच हाताने पाणी घातलं तर मुळं कुजतात. बोटाचं एक पेर मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी.

फॉगरबद्दल सारखं विचारलं जातं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत त्याने चांगला गारवा येतो. मुंबई, कोकण, गोव्यात हवेत आधीच इतका दमटपणा असतो की फॉगर फक्त भुरी आणि करपा हे बुरशीचे रोग वाढवेल. तिथे साधा पंखा बरा.

## १०. वर्षाचं वेळापत्रक

एकदा बांधलं की वर्षभर तसंच, ही सवय मोडा.

होळीच्या सुमारास नेट चढवा. विदर्भात त्याआधीच. मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, नेट उतरवून धुवा आणि जिथे पावसाळी छप्पर लागतं तिथे फिल्म लावा. फिल्म लावण्याआधी सगळे नट घट्ट करा. ऑगस्टमध्ये उघाड मिळाली की फिल्मवरची शेवाळी मऊ फडक्याने पुसा, नाहीतर आधीच कमी असलेला उजेड आणखी घटतो. परतीच्या पावसात विजांसह जोराचे झोत येतात, म्हणून दसऱ्याच्या आसपास हवामान खात्याचे इशारे रोज बघा. पाऊस थांबला की फिल्म काढा. दिवाळी ते शिवरात्र टोमॅटो-वांग्यांना उघडं ऊन द्या. ऑर्किड आणि नेचे तेवढे नेटखाली राहू द्या.

उतरवलेलं नेट पूर्ण वाळवून गुंडाळा आणि पिंपात झाकण लावून ठेवा. पिशवीत भरून जिन्याखाली टाकलं तर उंदीर कुरतडतात. फिल्मवर लावल्याचा महिना आणि वर्ष कोपऱ्यात मार्करने लिहून ठेवा. तीन पावसाळ्यांनंतर ती वाकवून बघा. घडीच्या रेषेवर पांढरी भेग दिसली तर चौथ्या पावसाळ्याआधी नवी घ्या.